काटा उत्तर देतो

"मी आभाळातून उतरलो आहे! ज्याला पृथ्वीचा भार होतो, त्यानं माझ्या पंखाखाली यावं!" एकपंखी महाराजांनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं, आणि खडकवाडीच्या माळावर जमलेल्या गर्दीनं आपापल्या टोप्या आणि पदर सावरले.

खरं म्हणजे महाराज उतरले होते ते सोलापूरच्या सर्व्हिस मोटारीतून, तामलवाडीच्या फाट्यावर. उतरल्या उतरल्या त्यांनी लिंबाच्या बुडाशी बसून सकाळपासून पोटात घातलेलं सगळं धरणीमातेला परत केलं होतं. हणमंतप्पानं हे आपल्या कापडदुकानाच्या ओट्यावरून पाहिलं होतं, आणि तांब्याभर पाणीही नेऊन दिलं होतं. आभाळातून आलेल्या माणसाला एका मोटारीनं एवढं ढवळून काढावं, ह्याचं त्याला तेव्हापासून नवल वाटत होतं. पण सध्या खडकवाडीत नवल वाटण्याचा हक्क फक्त भक्तांना होता.

लढाईच्या दिवसांत ह्या माळावर विमानं उतरायची पट्टी झाली होती. वाट चुकलेल्या, नाहीतर बिघडलेल्या विमानानं इथं टेकायचं आणि पुन्हा उडायचं, एवढंच तिचं काम. दगडगोटे वेचले गेले, रोलर फिरला, एक दगडी खोली उभी राहिली, तंबू पडले. निजामाच्या मुलखात इंग्रजांची विमानं, आणि खाली गवत खाणारी आमची गुरं, असा सगळा सलोख्याचा कारभार होता. लढाई संपली. गोरे गेले, तंबू गेले. मागं राहिली ती दगडी खोली, गंजलेले डबे आणि दोन येडे.

पहिला येडा हणमंतप्पा. गळ्यात लिंग, कमरेला सुपारीची चंची आणि डोक्यात विमान. दुसरा तामलवाडीच्या शाळेतला उत्तरेश्वर मास्तर. बाजार नसेल त्या दिवशी दोघं सायकली दामटत माळावर यायचे. पट्टीची लांबी मोजायचे, बोल्ट आणि बटणं वेचून तुपाच्या डब्यात भरायचे, आणि कोणत्या बिल्ल्याला किती पंख ह्यावर वाद घालायचे. शेवटचं विमान इथं चाक मोडून पडलं होतं, मग ते सुटं करून ट्रकांवर घालून नेलं. ते हडसन होतं की डकोटा, ह्यावरून तर दोघांचं बोलणं कित्येक दिवस बंद होतं.

"भावकीवरून भांडणारी माणसं पाह्यली, बांधावरून भांडणारी पाह्यली," हणमंतप्पाची बायको शिवम्मा म्हणायची, "डकोट्यावरून भांडणारं माझंच कुंकू!"

तर त्या दगडी खोलीत महाराजांनी मुक्काम टाकला होता. त्यांच्या भगव्या कफनीवर, छातीच्या डाव्या अंगाला, एक पंख होता. पांढऱ्या रेशमाचा, भरीव, आणि त्याच्या बुडाशी एक गोल कडं. पंख एकच.

"प्रत्यक्ष गरुडानं दिला," महाराज म्हणाले. "एक आत्ता दिला. दुसरा समाधीच्या दिवशी देणार."

आता ते गोल कडं म्हणजे काय, ह्यावर गर्दीत चर्चा सुरू झाली. पटवारी उर्दू शिकलेले. ते म्हणाले, "उर्दूतला पाच असाच गोल असतो. पाच म्हंजे पंचमहाभूतं. बिलकुल शाबीत!" सीमेकडून आलेला एक कानडी म्हातारा म्हणाला, "ह्ये आमचं सोन्नी. शून्य. सगळं जग शून्यातून आलं."

"दोन्ही खरं!" महाराज गरजले. "शून्यातून पाच झाले, आणि पाचातून तुम्ही झालात!"

ह्या हिशोबापुढं कुणाचं काही चालेना. तेवढ्यात मागून सारजाबाईचा आवाज आला. सारजाबाई गावात एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हणमंतप्पाच्या दुकानातली कातरण नेऊन ती लोकांच्या वाकळी शिवायची, आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा दोन बोटं लांब होती.

"महाराज," ती म्हणाली, "कोंबडीला दोन पंख असत्यात, तरी ती उकिरड्याच्या पुढं जात न्हाय. तुमी एकावर आभाळातून कसं आलाव?"

लोक हसले. महाराजही हसले. हसता हसता त्यांनी तिचं तोंड नीट पाहून ठेवलं.

पंखाहून मोठा चमत्कार खोलीत होता. दारावर घोंगडं ओढलं की भर दुपारी आत अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात चौरंगावरचा देव हिरवा उजळायचा. धातूची वाटी, वर काच, आत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात डुलणारा काटा. तेल नाही, वात नाही, तरी उजेड. महाराज चौरंगामागं उंच पाटावर बसायचे, पायातल्या खडावा चौरंगाखाली सरकवायचे आणि मंत्र म्हणायचे, "ॐ रॉजर रॉजर! टेकऑफाय नमः! लँडिंगाय स्वाहा! चोर असो, चेटूक असो, करणी असो, त्याच्याकडं वळ!"

आणि काटा वळायचा.

मंत्र कोणत्या वेदातला, हे कुणाला ठाऊक नव्हतं. हणमंतप्पाला तो कुठंतरी ऐकल्यासारखा वाटत होता, पण वेदाचा आणि त्याचा तसा संबंध नव्हता.

त्या उन्हाळ्यात खडकवाडीच्या गुरांना लाळ सुटली, खुरं चिघळली. बलभीम पाटलांचा खिलार बैल आडवा झाला तो उठलाच नाही. तसा हा रोग दरसाल कुठल्या ना कुठल्या गावाला व्हायचाच. पण औंदा गावात महाराज होते, त्यामुळं रोगाला कारण मिळालं. घोंगडं ओढलं गेलं, गाव अंधारात दाटीवाटीनं बसलं, काटा डुलला, हिंदकळला, आणि सारजाबाई बसली होती त्या कोपऱ्याकडं तोंड करून थांबला.

लगेच शेजारणीला आठवलं. "व्हय की! ही दाराला कडी लावून वाकळीवर हात चोळत बसती, आन् तोंडानं काय काय पुटपुटती!"

"अगं भवाने, माझी सुई हरवलीया वाकळीत!" सारजाबाई ओरडली. "ज्याची वाकळ त्याच्या बरगडीत घुसंल म्हणून शोधती म्या! आन् पुटपुटती त्या शिव्या हायत, मंत्र न्हायत!"

पण अंधारात उजेड देणाऱ्या देवापुढं सुईचं कोण ऐकणार? पाटील काही वाईट माणूस नव्हते. बैल मेल्यापासून ते दोन घास धड जेवले नव्हते, एवढंच. त्यांनी निवाडा दिला. अमावास्येला पुन्हा एकदा काटा फिरवायचा. पुन्हा तिच्याकडंच वळला, तर सारजाबाईनं शिवेबाहेर जायचं. घराला कुलूप, गावात पाणी बंद.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई हणमंतप्पाच्या दुकानात आली. "अप्पा, औंदा कातरण ठेवू नका माझ्यासाठी. वाकळ कुठं पसरू? शिवंवर?"

"म्हंजे तुमी जाणार?" शिवम्मानं विचारलं.

"कोण म्हणतं जाणार? मला घराबाहेर काढायला चार माणसं लागतील, आन् त्या चौघांनी आधी आपल्या बायकांना पुसून यावं. पण त्यो काटा, अप्पा... त्यो वळतोय खरा. म्या डोळ्यांनी पाह्यला. त्याचं काय करू?"

ती काट्याचं वर्णन करत गेली तसा हणमंतप्पाचा चेहरा उजळत गेला, चौरंगावरच्या देवासारखाच. वर्णन संपायच्या आत तो शाळेत पोचला होता.

"मास्तर! विमानातलं होकायंत्र!"

"डकोट्याचं!" मास्तर उठून उभे राहिले.

"हडसनचं!"

दोघांची तिथंच जुंपली असती, पण मागोमाग आलेली शिवम्मा दारातून म्हणाली, "तिकडं बाईचं घर चाललंय."

मास्तर शास्त्राचे भोक्ते. खरं सांगितलं की लोकांना पटतं, अशी त्यांची श्रद्धा होती. गावातल्या सगळ्या श्रद्धांमध्ये हीच सगळ्यात भाबडी. दुसऱ्या दिवशी भर दरबारात ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लोकहो, ह्यात देव नाही! हा काटा लोहचुंबकाचा आहे, आणि तो नेहमी उत्तर दाखवतो!"

"मी दुसरं काय सांगतो आहे?" महाराज शांतपणे म्हणाले. "प्रश्न तुमचा. काटा उत्तर दाखवतो."

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मास्तर गोंधळले. "तसं उत्तर नव्हे! उत्तर दिशा! ही! येरमाळ्याच्या बाजूची!"

"येरमाळा!" एक म्हातारी उठली. "येडेश्वरीचं ठाणं! आई गं, काटा आईकडं बघतुया!" आणि तिनं तिथंच लोटांगण घातलं.

"अहो नाही! इथून विमान उडवायचं तर उत्तर कळावी लागते, म्हणून..."

"मास्तर, तुमचं नाव काय?" महाराजांनी मायेनं विचारलं.

"उत्तरेश्वर," मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं. फार उशिरा कळलं. माणसं त्यांच्या पाया पडायला लागली होती. एका बाईनं तर लेकरूसुद्धा त्यांच्या पायावर घातलं.

त्या धांदलीत हणमंतप्पा मात्र रेटारेटीत पुढं ढकलला जाऊन चौरंगाला खेटून बसला होता, आणि त्याला एक गोष्ट दिसली. तो जवळ आला तसा काटा किंचित त्याच्याकडं सरकला. तो मागं झाला, काटाही मागं झाला.

हणमंतप्पानं कमरेची चंची चाचपली. चंचीत अडकित्ता होता.

मग त्याला एक जुनी गोष्ट आठवली. छावणीला पडद्याचं कापड द्यायला तो गेला असताना एका लाल मिशांच्या सायबानं त्याला विमानात डोकावू दिलं होतं. हणमंतप्पा होकायंत्रावर वाकला मात्र, तो सायब बाँब पाहिल्यासारखा ओरडला. त्याच्या चंचीतून अडकित्ता काढून घेतला, लांब नेऊन ठेवला, आणि मग हसत हसत बोटानं काटा दाखवला. काटा हलून पुन्हा जागेवर येत होता.

अडकित्त्यानं एवढासा हलतो. मग पार कोपऱ्यापर्यंत वळवायला केवढा ऐवज लागेल? आणि तो ठेवला कुठं असेल? हणमंतप्पानं महाराजांना जटेपासून खाली न्याहाळायला सुरुवात केली. उघडे दंड, रिकामे हात, कमरेला नुसती लंगोटी आणि वर पातळ कफनी. नजर खाली खाली येत पायांशी थांबली.

तो हळूच मागं सरकून बाहेर आला. मास्तरांचं शास्त्र आत्ताच सगळ्यांसमोर चीतपट झालेलं त्यानं पाहिलं होतं. दुकानदाराला एक गोष्ट कळते: गिऱ्हाईक जे कापड ओळखतं, तेच त्याच्यापुढं पसरावं.

अमावास्येच्या दुपारी खोली गच्च भरली. सारजाबाई चौरंगासमोर उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बसल्या माणसाला उठवून नेणं सोपं असतं," ती म्हणाली.

महाराजांनी डोळे मिटले. "ॐ रॉजर रॉजर..."

"महाराज, एक अर्ज हाय," हणमंतप्पानं हात जोडले. "हिथं ह्यो देव हाय न्हवं?"

"जागृत!"

"मग पाटील, तुमच्या वहाणा कुठं हायत?"

"भाईर," पाटील म्हणाले.

"पटवारीसाहेबांचे बूट?"

"बाहेर. नवे आहेत," पटवाऱ्यांनी दाराकडं काळजीनं पाहिलं.

"सारजाबाईच्या पायात तर मुळातच काही न्हाय. मग सगळं गाव देवापुढं अनवाणी, आन् महाराजांच्याच पायात खडावा कशा? आमच्यात स्वामी आला तरी पायतण उंबऱ्याभाईर काढतो."

लोहचुंबक कुणाला कळत नव्हतं, पण पायतण सगळ्यांना कळत होतं. येडेश्वरीला लोटांगण घातलेली म्हातारी पहिल्यांदा तापली. "व्हय की रं! आईम्होरं पायतण?"

"ह्या खडावा साध्या नव्हेत! गुरूच्या आहेत!" महाराज म्हणाले. मंत्राचा सूर जरा पातळ झाला होता.

"मग गुरूला भाईर ठेवा," सारजाबाई म्हणाली. "म्या चोर असंन, चेटकीण असंन, काय असंन ते असंन. पण देवापुढं पायतण घालून बसणाऱ्याच्या निवाड्यानं म्या घर सोडणार न्हाय. अनवाणी व्हा, मग काटा फिरवा. वळला माझ्याकडं, तर माझं बोचकं म्या आपल्या हातानं उचलते."

हा सौदा बरोबरीचा होता. पाटलांनी मान हलवली. "काढा, महाराज."

महाराज काढेनात. तेव्हा पाटील स्वतः वाकले आणि त्यांनी उजवी खडाव पायातून ओढून काढली. खडाव हातात घेऊन ते दाराकडं निघाले, आणि काटा त्यांच्यामागं निघाला.

"थांबा!" हणमंतप्पा म्हणाला. "पाटील, तसंच चौरंगाभवती फिरा. सगळ्यांनी काट्याकडं बघा."

पाटील फिरले. गाईमागं वासरू जावं तसा काटा खडावेमागं फिरला. एका फेरीत त्यानं सगळं गाव पापी ठरवलं. पाटील थबकले तेव्हा तो नेमका त्यांच्यावर रोखलेला होता.

"पाटील, बैल तुमीच मारला व्हय?" मागून कुणीतरी विचारलं.

पाटलांनी खडाव विस्तवासारखी पटवाऱ्यांच्या हातात दिली. काटा पटवाऱ्यांकडं वळला. त्याचं मात्र कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

"फोडा ती!" पाटील ओरडले.

"फोडू नका!" महाराज उठले. "आत गुरूची शक्ती आहे! उघडलीत तर सगळं गाव उडून जाईल!"

"जाऊ दे उडून," सारजाबाई म्हणाली. "पट्टी तयारच हाय."

दारावरचं घोंगडं ओढून टाकलं. उजेड आत आला, आणि देवाचा हिरवा रंग गेला. कुणीतरी कुऱ्हाड आणली. खडावेच्या तळाला लाखेनं बुजवलेली खाच निघाली, आणि खाचेतून बोटाएवढा एक काळा तुकडा. हणमंतप्पानं अडकित्ता त्याच्याजवळ नेला. टक्! अडकित्ता जाऊन चिकटला.

"ह्ये लोहचुंबक. मोटारीच्या जुन्या भंगारात मिळतं. महाराजांनी पाय चौरंगाखाली इकडं सरकवला की काटा इकडं, तिकडं सरकवला की तिकडं. ज्याच्यावर राग, त्याच्याकडं पाय."

"आन् उजेड?" म्हातारीनं विचारलं. तिला सहजासहजी देव सोडवत नव्हता.

"आजी, माझ्या दुकानातल्या गजराच्या घड्याळाचे काटेबी अंधारात असेच उजळत्यात. रेडियमचा रंग हाय त्यो. रातच्याला विमान चालवणाऱ्याला काटा दिसावा म्हणून. त्या घड्याळाला तुमी कधी नारळ फोडला न्हाय."

चुंबक लांब नेल्यावर काटा हलला, डुलला आणि आपल्या जागी येऊन थांबला. मास्तर इतका वेळ कोपऱ्यात गप्प उभे होते, कुणी पाया पडेल म्हणून. आता ते हळूच म्हणाले, "बघा. आता कुणी काही धरलेलं नाही. ही उत्तर."

ह्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि लोटांगणही घातलं नाही. सगळ्यांनी नुसतं पाहिलं.

महाराज पाटावरून खाली उतरून बसले होते. अनवाणी पायांनी ते एकदम लहान दिसायला लागले. "अप्पा," ते साध्या मराठीत म्हणाले, "म्या बब्रुवान. छावणीच्या भटारखान्यात अंडी उकडायचो. तुमी कापड घेऊन यायचाव."

हणमंतप्पाला मंत्राचा वेद सापडला. तंबूतल्या बिनतारी यंत्रावरून दिवसभर तेच ऐकू यायचं. "आन् यंत्र?"

"मोडक्या विमानातलं. पंख सायबाच्या कोटावरचा. धुवायला दिला हुता. एकदा मला विमानात बसवलं हुतं अप्पा, वर गेल्यावर लई उलट्या झाल्या, म्हणून लगोलग उतरवलं."

"म्हंजे आभाळातून उतरला, ह्ये खोटं न्हाय," शिवम्मा दारातून म्हणाली.

हणमंतप्पानं कफनीवरच्या पंखावर बोट ठेवलं. कितीतरी दिवस हे कुणाला तरी सांगायची त्याची इच्छा होती, पण गावात कुणी विचारतच नव्हतं. "लोकहो, विमान चालवणाऱ्या पायलटला दोन पंख असत्यात. एक पंखवाला विमान चालवत न्हाय. त्यो नकाशा घेऊन बसतो आन् बाहेर बघून वाट सांगतो. ह्यो गोल म्हंजे पाच न्हाय, शून्यबी न्हाय. इंग्रजीतला ओ हाय. ओ म्हंजे ऑब्झर्व्हर. आपल्या भाषेत सांगायचं तर बघ्या."

गर्दीत हशा पिकला. हणमंतप्पा हसला नाही.

"हसू नका. त्या बघ्याच्या नजरेवर सगळ्या विमानाचा जीव असायचा. नदी दिसली तर नदी म्हणायचा, डोंगर दिसला तर डोंगर. घाबरून नदीला डोंगर म्हणाला, तर सगळे मेले. आपण एवढं गाव हिथं रोज बघायला येत हुतो. काटा पाह्यला, उजेड पाह्यला. देवापुढं बसलेल्याच्या पायात काय हाय, ह्ये मात्र एकानंबी पाह्यलं न्हाय. बघ्या व्हायला माझी ना न्हाय. पण बघायचं, तर नीट बघा. आन् कुणी म्हणालं की डोळे मिटा, मग चमत्कार दिसंल, तर आधी त्याचे पाय तपासा."

पाटील पुढं आले. "मग माझा बैल, अप्पा?"

"रोगानं गेला, पाटील. आजारी गुरं येगळी बांधा, आन् आजच्या आज उस्मानाबादला माणूस धाडून गुरांच्या डॉक्टरला बोलवा."

पाटलांनी मान हलवली. मग मोठ्या कष्टानं ते सारजाबाईकडं वळले. काट्यापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. "सारजाबाई... तुमी गावातच ऱ्हावा."

"ऱ्हायलीच हाय की म्या. गेले कवा हुते?"

आता बाई काहीतरी मोठं बोलणार, गावाला शाप देणार, निदान पदर डोळ्याला लावणार, म्हणून सगळी खोली कान देऊन उभी राहिली. सारजाबाईनं हात पुढं केला.

"अप्पा, त्यो काळा तुकडा तेवढा दोन दिस मला द्या. सुई अजून वाकळीतच हाय, आन् वाकळ पाटलांची हाय."